बायडाक्का आणि साखरेचा पुडा

काटा चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कचेरीतल्या मित्रांना तर नाहीच. आज लिहायला बसलोय तर ते आधीच लिहून टाकतो. नाहीतर बायडाक्काच्या चार गमतीच्या गोष्टी सांगत बसेन आणि मुद्द्यापाशी आलो की पेन ठेवून उठेन. माझी सवय मला माहीत आहे. आत्ताही एवढं लिहिण्याआधी दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

मी आशाताईंना शिकवतो. आशा म्हणजे गावातलीच बाई. गरोदर बायकांवर लक्ष ठेवायचं, त्यांना बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं, नव्या बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन त्याचं वजन, ताप, दूध पिणं बघायचं, हे तिचं काम. मी राहतो सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात, पण वर्षातले कितीतरी दिवस सांगोल्याच्या एका सभागृहात सतरंजीवर बसलेल्या तीस-चाळीस बायकांपुढे उभा असतो. अशाच एका तुकडीत बायडाबाई आली. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती, आता नोकरीला लागलीय. इतकी वर्षं झाली.

मी तिला तोंडावर 'ताई' म्हणायचो, सगळ्यांना म्हणतो तसं. पण पहिल्या दिवशीच्या जेवणानंतर सगळी तुकडी तिला बायडाक्का म्हणू लागली, आणि मनातल्या मनात मीही. आडनाव लिहीत नाही. तेवढं तरी तिचं तिच्याकडे राहू दे.

उंच, काटक बाई. पदर कानामागं घट्ट खोचलेला. पायात नवऱ्याच्या असाव्यात अशा रुंद वहाणा. ती कायम दाराजवळ बसायची, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं म्हणून. सभागृहात कुणी हाक मारणार नव्हतं, पण जिची उभी जिंदगी मेंढरांत गेली तिला भिंतीला टेकून बसणं जमत नसावं. तिची वस्ती शेवटच्या एसटी थांब्यापासून पुढं तासाभराच्या चालीवर. नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचा तो पावसाळ्याच्या तोंडावर परतायचा. शिक्षण आठवी. पहिल्या दिवशी ओळख करून देताना बाकीच्या बाया लाजत लाजत नाव, गाव, शिक्षण सांगत होत्या. ही उभी राहिली आणि म्हणाली की आठवी झालीय, पण ती आठवी मोजून घेऊ नका, कारण निम्मे दिवस शाळेत गुरुजी नव्हते आणि उरलेले निम्मे दिवस ती नव्हती.

तिची एक खोड होती. हातात काहीही दिलं की ती ते आधी तोलून बघायची. तळहातावर घ्यायचं, मनगट जरासं खालीवर करायचं, आणि आकडा सांगायचा. करडू, कोकरू विकताना व्यापाऱ्यानं फसवू नये म्हणून तिच्या सासऱ्यानं तिला हे शिकवलं होतं. प्रशिक्षणाचं जाड पुस्तक तिला दिलं तेव्हा तिनं ते तोललं. "पाऊण किलो हाय सर. ह्यातलं आमच्या कामाचं किती?" बाया हसल्या. मीही हसलो, पण मला ते लागलं. पुस्तकातला काही भाग मीच लिहिलेला होता.

एकदा सकाळी मी आत शिरताच तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "सर, दोन किलोनं उतरलाय तुमी. घरी भांडान झालं का?" झालं होतं. आठवडाभर चाललं होतं. मी रागावून हजेरी घ्यायला लागलो.

हात धुण्याच्या सहा पायऱ्या शिकवल्या त्या दिवसाचं सांगतो. मी फळ्यावर चित्रं काढली, सगळ्यांकडून हवेतच हात चोळून घेतले. शेवटी तिनं विचारलं की सर, हात कसं धुवायचं ते समजलं, पाणी कुटनं आणायचं ते बी शिकवा की. त्या वर्षी तिच्या वस्तीवर टँकर चार दिवसांआड येत होता. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पुढच्या आठवड्यात ती तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन आली. तळाशी खिळ्यानं भोक पाडलेलं, त्यात बाभळीची काडी खुपसलेली. काडी थोडी हलवली की धार सुरू, सोडली की बंद. बाळंतिणीच्या दाराशी असा कॅन टांगायचा, म्हणजे तांब्याभर पाण्यात दहा जणांचे हात धुवून होतात. तो कॅन मी माझ्या पुढच्या प्रत्येक तुकडीला दाखवला. तिचं नाव सांगून दाखवला, हे इथं नोंदवतो. तेव्हा सांगत होतो.

मग बाहुलीचं प्रकरण. बाळ कसं धरायचं, कसं गुंडाळायचं हे शिकवायला आमच्याकडे एक कापडी बाहुली होती. तिनं ती तोलली आणि लगेच खाली ठेवली. "ह्याला वजानच न्हाय. अशा लेकराला मी हात लावणार न्हाय." मी म्हटलं ताई, ही बाहुली आहे. ती म्हणाली, म्हणूनच. दुपारच्या सुट्टीत तिनं बाहुलीची शिवण उसवली, कापूस काढला, स्वयंपाकवाल्या मावशींकडून ज्वारी आणली आणि आत भरून परत शिवली. मग एकेका बाईच्या हातात ती बाहुली देत गेली: हे असं लागलं तर बाळ बरं, आता ह्यातली दोन मुठी काढते, हे असं लागलं तर दवाखाना. चाळीस बायांना जे मला तीन दिवसांत पटवता आलं नव्हतं ते तिनं चहा यायच्या आत पटवलं. मी खिडकीपाशी उभा होतो. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला, हेही आजच लिहितोय.

आता साखरेचं.

बाळाचं वजन करायला आशाकडे झोळीचा काटा असतो. वर हूक, खाली कापडी झोळी, मध्ये स्प्रिंगची सुई. त्यावर तीन रंग. सुई हिरव्यात आली तर बाळ ठीक. पिवळ्यात आली तर बाळ घरीच, पण जास्त लक्ष द्यायचं, जास्त वेळा जायचं. लालात आली तर काही न विचारता दवाखाना. सगळं त्या रंगावर असतं.

पण तिच्या भागात अडचण अशी की कोवळं लेकरू काट्याला टांगायचं म्हटलं की सासवा आडव्या येतात. बाळाचं वजन मोजलं की नजर लागते, आणि आकडा मोठ्यानं उच्चारला तर बाळ वाळतं, असा समज. बायडाक्कानं त्यावर तिची रीत काढली होती. ती घरात जाताना दुकानातून साखरेचा एक किलोचा सीलबंद पुडा घेऊन जायची. आधी तो झोळीत ठेवायचा, टांगायचा, सगळ्यांना दाखवायचं, म्हणायचं की बघा, नजर लागली ती साखरंला. मग बाळ टांगायचं. आकडा तोंडानं सांगायचा नाही, गुपचूप लिहायचा. पुडा त्याच घरात ठेवून यायचा, चहाला.

मला हे कळलं ते एका सरावाच्या वेळी, दुसऱ्या बाईकडून. मी भर वर्गात तिला उभं केलं. आपण अंधश्रद्धा घालवायला आलोय आणि तुम्ही ती वजनकाट्याला टांगता, असं काहीसं बोललो. आवाज चढला होता माझा.

ती खाली बघत नव्हती. "नजर लागत न्हाय हे मला ठावं हाय सर. सासूला न्हाय ठावं. लेकरू काट्यावर चढंना, तर तुमचा कागद कसा भरायचा?"

मी सांगितलं, हे बंद करायचं. ती "व्हय" म्हणाली. तिचं 'व्हय' म्हणजे ऐकलं, एवढंच. केलं असं नाही. हेही मला तोवर कळलं होतं.

मेंढपाळांची बाळं लसीला चुकतात, कारण बिऱ्हाडं फिरतीवर असतात. तिची एकही चुकत नव्हती. मासिक सभेला वरचे लोक तिला तारखा विचारायचे, तेव्हा ती म्हणायची की तारीख काय विचारता, मेंढरं कुटं असतील ते विचारा. कुठलं बिऱ्हाड कुठल्या महिन्यात कुणाच्या रानात बसतं हे तिला पाठ होतं. ती तिथल्या आशाला फोन लावायची, ओळख नसली तरी. दहा मिनिटांत त्या बाईशी तिचं मावशी-भाचीचं नातं जुळायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या बायांत अशी दुसरी झाली नाही. मी हे तेव्हाही जाणत होतो. म्हणून तर पुढचं लिहायला हात चालत नाही.

त्या वर्षी नवे काटे आले. खोकी माझ्या ताब्यात दिली. प्रत्येक काटा ओळखीच्या वजनानं तपासून मगच वाटायचा असा नियम होता. मी वरचे दोन तपासले, बरोबर निघाले. दुसऱ्या दिवशी वाटप होतं, मंडप घातला होता, पाहुणे येणार होते. 'सर्व तपासून घेतले' असं लिहून मी सही केली.

तीनेक आठवड्यांनी तिचा फोन आला. काटा पाव किलो जास्त दावतोय. मी विचारलं, कशावरून. म्हणाली, साखरेवरून. एक किलोचा पुडा सव्वा दावतोय, तीन दुकानांचे तीन पुडे बघितले. मला पहिल्यांदा राग आला तो काट्याचा नाही, साखरेचा. बंद करा म्हणून सांगितलं होतं ना ताई, असं म्हणून मी फोन ठेवला.

पण चैन पडेना. दोन दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी असताना, मी कपाटातले उरलेले काटे बाहेर काढले. सात होते. सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून साखरेचा पुडा आणला. हो, साखरेचाच. दारावरच्या खिळ्याला एकेक काटा टांगला. चार काट्यांनी एक किलोला सव्वा दाखवलं. मी दार आतून लावून घेतलं, काटे परत कपाटात ठेवले आणि जागेवर येऊन बसलो. माझी नोकरी कराराची. त्याच महिन्यात करार पुढं चालू ठेवायचा की नाही ते ठरणार होतं. कागदावर माझी सही होती. महिना उलटू दे, मग गुपचूप काटे बदलून घेऊ, असं मी ठरवलं. महिना कितीसा मोठा असतो, असं मला वाटलं.

त्या महिन्यातच सोनालीचं बाळंतपण झालं. सोनाली बायडाक्काच्याच वस्तीवरची, पहिलटकरीण. दिवस भरायच्या आधी, मेंढरांच्या तळावरच बाळ झालं. बायडाक्का दुसऱ्या दिवशी सकाळी चालत तिथं पोचली. दुपारी मला फोन आला. मी स्कूटर बाजूला घेतली. मागं रिक्षांचा गोंगाट होता, तरी तिचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं.

"सर, सुई पिवळ्यात हाय. माझा हात लालमदी सांगतोय. काय लिवू?"

मला माहीत होतं. पाव किलो वजा केलं की लाल. तिनं काट्याविरुद्ध लाल लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की का, आणि ते विचारणं माझ्या सहीपर्यंत आलं असतं. एवढा सगळा विचार मी त्या गोंगाटात केला. फार वेळ लागत नाही.

"काट्यावर जे आहे ते लिहा ताई."

 ती "व्हय" म्हणाली.

तिनं पिवळं लिहिलं आणि तरी त्या लोकांना दवाखान्यात चला म्हणून विनवत राहिली. सोनालीचा सासरा, म्हातारा, हुशार माणूस, त्याला तिनंच तिन्ही रंग समजावून ठेवले होते. तो म्हणाला, पिवळं म्हंजी घरीच ठिवायचं, तूच सांगितलंस की. तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना, अंग गार पडलं. तेव्हा तिनं कुणाला न विचारता बाळ पदराखाली छातीशी धरलं, एका डाळिंबवाल्याची जीप थांबवली आणि सोनालीला घेऊन निघाली. दवाखान्यात पोचल्यावर संध्याकाळी बाळ गेलं.

पहिल्याच दिवशी नेलं असतं तर वाचलं असतं का, मला माहीत नाही. डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मी या न माहीत असण्याच्या आडोशाला बरीच वर्षं बसलो.

बाळ दगावलं की चौकशी होते. तिला सोलापूरला बोलावलं. मलाही, शिकवणारा म्हणून. एका टेबलाच्या पलीकडं तीन अधिकारी, अलीकडं ती आणि मी, शेजारी शेजारी. दवाखान्यात नोंदलेलं वजन आणि तिच्या वहीतलं वजन यात मोठा फरक होता. त्यांना वाटलं, बाई गेलीच नसेल, घरी बसून आकडा लिहिला असेल. नाहीतर काटा वाचता येत नसेल. ती शांतपणे म्हणाली की मी गेले होते, काटा वाचता येतो, काटाच पाव किलो जास्त दाखवतो, आणि हे मी सरांना महिन्याआधी फोनवर सांगितलं होतं. एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती. सर हायत की, असा चेहरा होता.

मधल्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "तुम्हाला सांगितलं होतं यांनी?"

मी म्हणालो, "नाही."

मला वाटलं होतं ओरडेल, भांडेल. तिला भांडता यायचं. तिनं फक्त मांडीवरची वही मिटली. मग त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं की बाईला काटा वाचायला जमत होतं का. मी म्हणालो, शिक्षण कमी आहे, कधी कधी अडचण यायची. हे दुसरं खोटं. पहिलं निदान घाबरून बोललो होतो.

संध्याकाळी घरी निघालो तेव्हा ती सात रस्त्याला उभी होती. एसटी स्टँडकडे जाणारी रिक्षा शोधत होती, कुणी थांबत नव्हतं. मी स्कूटर वळवली आणि लांबच्या रस्त्यानं घरी गेलो.

तिचं काम काढून घेतलं. माझा करार वाढला. मी सगळे काटे 'गंज आला' असं कारण लिहून परत पाठवले आणि नवे आणवले, प्रत्येक तपासून. कुणी काही विचारलं नाही. तिच्या तुकडीतल्या बाया पुढच्या प्रशिक्षणाला आल्या तेव्हा मागच्या रांगेतून एक जण म्हणाली की बायडाक्का असती तर ह्या बाहुलीत आदी जवारी भरली असती. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिलो.

आणखी एक सांगायचं राहतंय. आता माझ्या प्रत्येक वर्गाची सुरुवात साखरेच्या पुड्यानं होते. घरात शिरलात की बाळाआधी पुडा टांगा, काटा तपासून होतो, सासूचीही समजूत पटते, असं मी शिकवतो. वरच्यांना ते फार आवडलं. एका सभेत माझं त्यासाठी कौतुक झालं, टाळ्या वाजल्या, शाल मिळाली. ही पद्धत सुचली कशी, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, अनुभवातून.

गेल्या हिवाळ्यात सांगोल्याच्या दवाखान्याच्या आवारात ती दिसली. केस बरेच पांढरे झालेत. एका अवघडलेल्या पोरीला आधार देत पायऱ्या चढवत होती. सोबत त्या गावाची नवी आशा होती, माझ्याच एका तुकडीतली, गोंधळलेली. कागद कुठले काढायचे ते बायडाक्का तिला सांगत होती. काम नाही, मानधन नाही, तरी लोक तिला सोबत नेतात, हे मला त्या आशाकडूनच कळलं. पोरीला आत नेल्यावर बायडाक्का बाहेर बाकावर येऊन बसली. मी निघून जाऊ शकलो असतो. तिनंच हाक मारली.

"सर, बसा की."

मी बसलो. मुलगी काय करते विचारलं, मी सांगितलं. नवरा अजून मेंढरं घेऊन जातो का हे मी विचारलं, म्हणाली गुडघे गेलेत, आता पोरगा जातो.

"साखरंचं शिकवता म्हनं आता."

"हो."

"बरं केलंत." टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मग तीच म्हणाली, "सोनालीला दुसरी पोरगी झाली. शाळंत जाती. मला अजून त्यांच्या दारात यिऊ देत न्हाईत. माझ्या हातानं लेकरू गेलं म्हनत्यात."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात आतून त्या पोरीनं आक्का म्हणून हाक मारली आणि ती उठली. व्हरांड्यातून ती भराभर चालत गेली. दरवाजापाशी वहाणा काढल्या, शेजारच्या नळाखाली हात धुतले, आणि आत गेली. मी अर्धा तास थांबलो. मग स्टँडवर आलो आणि मिळेल ती गाडी धरली.

मी तिचं काय देणं लागतो ते आता सरळ लिहितो. ज्या कचेरीत मी 'नाही' म्हणालो तिथं जाऊन माझ्या सहीनं लिहून द्यायचंय की काटे मी तपासले नव्हते, बायडाबाईनं मला सांगितलं होतं, आणि मी खोटं बोललो. त्यानंतर तिच्या वस्तीवर जाऊन सोनालीच्या दारात, तिच्या सासऱ्यासमोर, हेच तोंडानं सांगायचंय. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.